वयात आलेल्या मुलाचं मानसिक आजारपण आणि बाकीचं घर

निशिगंध

आधीच सांगते, हा धागा औषधं कुठली आणि डॉक्टर कुठला यासाठी नाही. डॉक्टर आहेत, चांगले आहेत, औषधं चालू आहेत. मुलगा सोळाचा, बायपोलरचं (कधी उन्माद, कधी नैराश्य, असा मूडचा आजार) निदान होऊन वर्ष उलटलं. प्रश्न बाकीच्या घराचा आहे.

घरात मी, नवरा, हा मुलगा, त्याच्या पाठची अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गेल्या वर्षभरात आम्ही सगळेच त्याच्या मूडवर चालायला लागलोय. सकाळी त्याच्या खोलीचं दार धाडकन उघडलं की हळू, यावरून पुढचा दिवस ठरतो. टीव्हीचा आवाज त्यावर, पाहुण्यांना या म्हणायचं की नाही ते त्यावर, मुलीला रागवायचं की नाही तेसुद्धा त्यावर. नवऱ्याचं म्हणणं, आजार आहे म्हणून सगळंच खपवून घ्यायचं का, थोडी शिस्त हवीच. सासूबाईंचं म्हणणं, पोर आजारी आहे, त्याला कुणी काही बोलू नका. आणि मी दोघांच्या मध्ये निरोप्या. डॉक्टर त्याच्याशी नीट बसून बोलतात, आमच्या वाट्याला दाराशी उभ्याउभ्या दोन वाक्यं.

तर ज्यांच्या घरी असं कुणी आहे किंवा होतं त्यांनी सांगा. कामं कशी वाटून घेतलीत? दुसऱ्या मुलांना काय सांगितलंत? नियम सगळ्यांना सारखेच ठेवलेत का? आणि नवरा-बायकोनी भांडायचं कुठे, कारण घरात तर आता भांडताच येत नाही. (हा शेवटचा प्रश्न अर्धाच विनोद आहे.)

कट्टेकरी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: गाडीत. काचा वर करून. अनुभवाचे बोल.

उंबरठा

निशिगंध, अगदी अगदी. आमचा आजार वेगळा, लेकीला ओसीडी (तेच तेच विचार येऊन तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते तो), तेव्हा चौदाची होती. पण "घर त्याच्या मूडवर चालतं" हे वाचून मान डोलावली.

आमच्याकडे सुरुवात चपलांपासून झाली. बाहेरच्या चपला दाराबाहेर, एवढंच. त्यात काय, चांगलीच सवय म्हणून आम्ही हो म्हटलं. मग बाहेरून आलेल्याने आधी कपडे बदलायचे. मग नळ आम्ही सुरू करून द्यायचा, कारण नळाला हात लावला की तिला पुन्हा पहिल्यापासून हात धुवावे लागायचे. माझा नवरा ऑफिसातून आल्यावर नळ धरून उभा, आणि ती कोपरापर्यंत धुतेय, मध्येच आकडा चुकला की परत एकपासून. हे सगळं आम्ही प्रेमापोटी करत होतो, तिला त्रास होऊ नये म्हणून. आणि ओसीडी मात्र वाढतच गेला. शेवटी थेरपिस्टबाई म्हणाल्या की तुमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त चालतं ते ओसीडीचं, मुलीचंसुद्धा चालत नाही.

मग कमी करायला घेतलं. एकदम नाही. तिला आधी बसवून सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून बाबा नळ धरणार नाहीत, चिडचिड होईल हे आम्हाला माहितीये, आणि तू हे झेपवशील असंही आम्हाला वाटतं. सगळ्यात अवघड निघालं ते "आई, सगळं नीट आहे ना?" या प्रश्नाला उत्तर न देणं. दिवसभर तेच. उत्तर दिलं की क्षणभर शांतता, की पुन्हा तेच. मी एकच वाक्य ठरवलं, "हा ओसीडीचा प्रश्न आहे, त्याला मी उत्तर देत नाही, तू ये, माझ्याशेजारी बस." पहिले काही दिवस भयंकर गेले. पण गाडी रुळावर आली ती तिथूनच.

म्हणून नियमांबद्दल माझं मत: सांभाळून घेणं आणि आजाराला पोसणं यातली सीमारेषा बसून, शांत डोक्याने ठरवावी लागते. भांडणाच्या भरात ठरवली की नेहमी चुकीच्या जागी पडते.

जुनंखोड

राग मानू नका पण आमच्या वेळी या वयाची मुलं चिडायची, रडायची, दार आपटायची, आणि वर्ष-दोन वर्षांत ताळ्यावर यायची. आता प्रत्येक गोष्टीला नाव आणि प्रत्येक नावाला गोळी. घरात चार माणसं एकत्र बसून बोलत नाहीत हा खरा आजार.

रेघोट्या

काका, तुमच्या वेळीही होतं. फक्त त्याला "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणायचे आणि माळ्यावरच्या खोलीत ठेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयात सातातल्या एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. सगळ्यांना गोळी लागत नाही हे खरंय. पण बायपोलरला बहुतेक वेळा लागते, आणि तिथे चौघांनी एकत्र बसून गप्पा मारल्याने उन्माद उतरत नाही.

जुनंखोड

माळ्यावरच्या खोलीचं म्हणाल तर... आमच्या एका चुलत आत्याचं तसंच होतं. वयाच्या सतराव्या वर्षापासून. आम्हा पोरांना सांगितलेलं की तिला अंगात काही आलंय, वर जायचं नाही. ती काय करायची दिवसभर, कोण जाणे. बरं, लिहा तुम्ही. मी वाचतोय.

धाकटी_पाती

मी या गोष्टीतली "पाठची मुलगी" आहे. आता तिशीत आहे. दादा सोळाचा असताना पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा मी दहाची होते.

मी फार शहाणी मुलगी होते. सगळे म्हणायचे, हिचा काही त्रासच नाही. खरं तर मी त्रास द्यायचं बंद केलं होतं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता, फळ्यावरचं दिसायचं नाही, मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. घरी सांगितलं नाही, कारण "आत्ता नको गं" हे वाक्य मला पाठ झालेलं. शाळेच्या फॉर्मवर आईची सही मीच करायचे, हुबेहूब जमायची, अजून जमते. रात्री आई-बाबांच्या खोलीतून कुजबूज ऐकू यायची, त्यातले शब्द अर्धेच कळायचे, आणि उरलेले अर्धे मी मनाने भरायचे. मनाने भरलेलं खऱ्यापेक्षा कितीतरी वाईट असायचं. मला वाटायचं की मी त्याची सायकल न विचारता नेली, त्या भांडणानंतर हे सुरू झालं.

तेव्हा निशिगंधताई, मुलीला सांगाच. तिला तीन गोष्टी हव्या असतील, तिने विचारल्या नाहीत तरी. हे माझ्यामुळे झालं का? (नाही.) मलाही होईल का? (भावंडांमध्ये शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण बहुतेकांना होत नाही, हे असंच सरळ सांगा.) आणि दादा फार चिडला तर मी कुठे जायचं? याचं उत्तर पत्त्यासकट हवं. शेजारच्या काकूंकडे, मामाकडे, कुणाकडेही, पण ठरलेलं.

आणि आठवड्यातला थोडा वेळ असा की ज्यात दादाचं नावही निघणार नाही. माझे बाबा मला पोहायला घेऊन जायचे. रस्त्यात एकदाही "दादाला कसं वाटत असेल" म्हणाले नाहीत. तेवढ्यावर मी निभावलं.

आणि हो, तिला रागवा. मनापासून सांगते. मला कुणी रागवत नव्हतं तेव्हा फार एकटं वाटायचं.

कट्टेकरी

आधीच्या प्रतिसादावर विनोद सुचत नाहीये. दंडवत.

मधली_वाट

मी मनोरुग्णांच्या कुटुंबांबरोबर सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. दोन गोष्टी लिहिते, जरा लांब होईल.

घराच्या वातावरणाचा आजारावर परिणाम होतो का, याचा शोध बराच जुना आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होणारा आजार) जे पुरुष रुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परत जातात, ते भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा दाखल होतात. सगळ्यांना हे उलटं वाटलं, कारण घरी माया जास्त. मग घरच्यांच्या मुलाखती ऐकून ऐकून त्यांनी पाहिलं की टीका किती, वैरभाव किती आणि अति गुंतणं किती, यावर पुन्हा आजारी पडणं बरंचसं अवलंबून असतं. १९७६ मध्ये वॉन आणि लेफ यांच्या अभ्यासातही दिसलं की अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर वावर असेल तर धोका आणखी वाढतो. पुढे १९९८ च्या एका एकत्रित आढाव्यात दिसलं की हा परिणाम स्किझोफ्रेनियापेक्षाही मूडच्या आजारांत आणि खाण्याच्या विकारांत जास्त आहे. निशिगंध, म्हणून तुमच्या घराला हे लागू.

यातलं "अति गुंतणं" लोक विसरतात. टीका वाईट हे सगळ्यांना पटतं. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या खोलीबाहेर रात्रभर बसून राहणं, त्याच्या वतीने सगळ्यांना उत्तरं देणं, स्वतःचं जगणं गुंडाळून ठेवणं, हेही त्याच यादीत येतं. तुमचे मिस्टर आणि सासूबाई दोन टोकांना आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण मुलाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडून दाबच येतो.

दुसरं. आम्ही घराकडे बघतो तेव्हा सहा बाजू बघतो, मॅकमास्टर नावाची पद्धत आहे. अडचण आली तर सोडवतात कशी, एकमेकांशी सरळ बोलतात का, कामं कुणाकडे, भावना दाखवता येतात का, एकमेकांत किती गुंततात, आणि वागण्याचे नियम काय. आजारी मूल असलेल्या घरात बहुतेक वेळा सगळ्यात आधी कोसळतात ती कामं. म्हणजे माया आटत नाही, पण लाइटचं बिल कुणी भरायचं हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून मी सल्ला देताना बिलांपासून सुरुवात करते, भावनांपासून नाही. लोकांना हसू येतं.

उंबरठा

मधली_वाट, माहिती चांगली आहे पण खरं सांगू? वाचून पोटात गोळा आला. म्हणजे शेवटी घरच्यांवरच आलं ना सगळं? टीका केली तरी चूक, काळजी केली तरी चूक, जास्त वेळ घरात राहिलो तरी चूक.

मधली_वाट

तुमची चीड रास्त आहे. आमच्या क्षेत्राचा इतिहास या बाबतीत लाजिरवाणाच आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं आणि पुढची कितीतरी वर्षं आयांनी ते डोक्यावर वागवलं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांनाही तेच भोगावं लागलं. ते सगळं चुकीचं ठरलं.

मी सांगतेय ते वेगळं आहे. घराने आजार निर्माण होतो असं नाही. आजार आलेला आहे, त्याने घर ताणलंय, ताणलेल्या घरात आवाज चढतात आणि चढलेल्या आवाजांनी आजाराला खतपाणी मिळतं. दोन्ही बाजूंनी चालतं हे. आणि यातलं आपल्या हातात असतं तेवढंच बदलायचं. बायपोलर असलेल्या किशोरवयीन मुलांच्या घरांसाठी अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी नऊ महिन्यांची, २१ बैठकांची पद्धत बसवली. आधी आजार सगळ्यांना एकाच वेळी समजावून सांगायचा, मग बोलण्याची सवय, मग अडचणी सोडवण्याची. २००८ च्या अभ्यासात नैराश्याच्या बाबतीत चांगला फायदा दिसला, नंतरच्या मोठ्या अभ्यासात तेवढा उठून दिसला नाही. म्हणजे जादू नाही. पण "सगळ्यांना एकाच वेळी" हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आजीसकट.

परतीचा_पक्षी

मी इथे क्वचित लिहितो. मी तो मुलगा होतो. सतराव्या वर्षी पहिला उन्माद, त्यानंतर लांबलचक नैराश्य, दोनदा दाखल. आता नोकरी करतो, लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू आहे.

घरच्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजारपणानंतर सगळ्यात जास्त खुपलं ते म्हणजे मला साधा आनंद व्हायची सोय राहिली नव्हती. मी मोठ्याने हसलो की आई-बाबा एकमेकांकडे बघायचे. नवीन शर्ट घेतला की "अचानक का रे?" एखाद्या गोष्टीवर वाद घातला, अगदी बरोबर मुद्दा असला, तरी "गोळी घेतलीस ना?" लोक समजूत घालतात की हे मधुमेहासारखंच आहे. पण मधुमेहवाल्याला कुणी विचारत नाही की हे तू बोलतोयस की तुझी साखर.

आमच्याकडे सुटका कशी झाली ते सांगतो. मी बरा असताना आम्ही एक कागद केला. माझ्या बाबतीत गडबडीची चिन्हं कुठली, ती मी स्वतः लिहिली. दोन रात्री झोप कमी होऊन थकवा न येणं, पहाटे लोकांना मेसेज करणं, एकदम तीन नवे बेत. हे दिसलं तर आईने विचारायचं, मी चिडायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आणि यादीत नसलेल्या गोष्टीवरून कुणी गोळीचं नाव काढायचं नाही. हसणं यादीत नव्हतं.

झोपेचं मात्र गांभीर्याने घ्या. या वयात मुलांची झोप तशीही उशिराकडे सरकते, त्यात आजार नाही. पण बायपोलरमध्ये जागरण उन्मादाला निमंत्रण देतं. आमच्याकडे रात्री ठरावीक वेळेनंतर दिवाणखान्याचा दिवा बंद, सगळ्यांसाठी. मला एकट्याला "झोपायला जा" म्हटलं असतं तर मी मुद्दाम जागलो असतो.

आणि गोळी बंद करतो मुलगा, तेव्हा तो बेफिकीर असतो असं नाही. माझं एका औषधाने वजन वाढलं होतं, वर्गातली मुलं हसायची. मी गुपचूप गोळ्या टाकून द्यायचो. कुणी "का रे नको वाटते?" विचारलं असतं तर सांगितलं असतं. डॉक्टरांनी पुढे बदलून दिलीच की.

रेघोट्या

पक्षी, हा प्रतिसाद साठवून ठेवलाय.

नांगर

मी बाप. मुलगी सतराची, तीव्र नैराश्य, एकदा जिवावर बेतलेलं. त्यामुळे माझं लिहिणं कदाचित वेगळ्या सुरात असेल.

पक्षी म्हणतात ते पटतं, पण आमच्याकडे काही गोष्टींवर तडजोड नाही. घरातली सगळी औषधं कुलपात, तिचीच नाही तर सगळ्यांची. तिचा डोस मी हातात देतो. न्हाणीघराची आतली कडी काही महिने काढून ठेवली होती, ती तिला फार लागली, पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पुढे तिच्याशी ठरवून परत बसवली, बसवताना स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात दिला.

आणि विचारायला घाबरू नका. मला वाटायचं "जीव द्यावासा वाटतो का" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. असं होत नाही, हे तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उलट ती म्हणाली, बरं झालं तुम्ही शब्द उच्चारलात, मला वाटायचं तुम्हाला ऐकवणार नाही.

नैराश्याची औषधं सुरू होतात तेव्हा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि सुरुवातीला, डोस बदलताना, जास्त लक्ष ठेवायचं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठीच्या या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. ते वाचून घाबरून औषध बंद करू नका, मनाने तर मुळीच नाही. त्या दिवसांत घरात कुणीतरी असेल एवढं बघा.

तिचा फोन मी बघतो. हे लिहितोच आहे तर तेही लिहितो.

धाकटी_पाती

फोन बघता ते तिला माहीत आहे का?

नांगर

नाही.

परतीचा_पक्षी

नांगर, तुमची भीती समजते, मी तुमच्या जागी नाही. पण तिला कळेल. कळतंच. आणि त्या दिवशी स्क्रूड्रायव्हरने मिळवलेलं सगळं जाईल. सांगून बघा ना. "धोका आहे तोवर मी बघणार, अमुक तारखेला आपण पुन्हा ठरवू." माझ्या आईने तसं केलं असतं तर मी आरडाओरडा केला असता, पण विश्वास ठेवला असता.

नांगर

विचार करतो. तारखेची कल्पना चांगली आहे. पण पुन्हा सांगतो, जोवर ती धोक्यात आहे तोवर तिच्या रागापेक्षा तिचा जीव मला मोठा वाटतो, आणि यावर माझं मत बदलेल असं वाटत नाही.

एकहाती

सगळे प्रतिसाद वाचले. एक शंका. "कामं वाटून घ्या" हे सगळे म्हणताय, पण ज्यांच्याकडे वाटून घ्यायला दुसरं माणूसच नाही त्यांनी काय करायचं? मी एकटी, मुलगा पंधराचा, शाळेत जातच नाही, घबराटीचे झटके येतात. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नोकरी केली तर तो दिवसभर एकटा. जोडप्यांचं भांडण कुठे करायचं हे वाचून हेवाच वाटला मला. हलके घ्या.

उंबरठा

एकहाती, तुम्हाला तर खरंच काय सांगावं. नोकरी शक्यतो सोडू नका एवढं सांगेन. मी सोडली होती. सगळे म्हणाले आईच हवी घरात. (बाबाला कुणी विचारलंसुद्धा नाही, तो विषय वेगळा, त्यावर वेगळा धागा काढून भांडू.) घरात बसून मी फक्त तिच्याकडे बघत राहिले, आणि ती माझ्या तिच्याकडे बघण्याकडे. मी पुन्हा कामाला लागले तेव्हा दोघींनाही मोकळं वाटलं.

मधली_वाट

एकहाती, चिंतेच्या आजारात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. मूल थेरपीला यायला तयार नसेल तरी पालकाला एकट्याला शिकवून काम होऊ शकतं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी हे बसवलं. २०२० मध्ये ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवरचा अभ्यास आला, त्यात फक्त पालकांबरोबर केलेलं काम मुलांबरोबर केलेल्या थेरपीइतकंच उपयोगी ठरलं. वर उंबरठा यांनी नळाचं जे केलं, तीच दिशा. सांभाळून घेणं हळूहळू कमी करायचं, पण "तुला भीती वाटते हे कळतंय, आणि तू ती सोसू शकतोस" या दोन्ही गोष्टी एकत्र बोलायच्या. एकच बोललात तर एक तर लाड होतात नाहीतर दटावणी. तुमचा मुलगा पंधराचा म्हणजे अभ्यासातल्यांपेक्षा मोठा आहे, पण तुमच्या थेरपिस्टला याबद्दल जरूर विचारा. पालकांसाठीचं एखादं सत्र मागून घ्या, मागायला लागतं.

आणि दुसरं माणूस नात्यातलंच हवं असं नाही. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला, एका मैत्रिणीला, नेमून एकच काम द्या. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना काम दिल्याशिवाय ते काहीही करत नाहीत.

कट्टेकरी

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या माझ्या साडूला मी एकदा खरंच सांगितलं. तेव्हापासून तो तसं म्हणत नाही.

(एकहाती, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. मुलगा दिवसा ऑनलाइन बुद्धिबळ खेळत असेल तर माझा भाचा त्याच वयाचा आहे आणि तोही शाळेत जात नव्हता. खेळतील दोघं.)

जुनंखोड

नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न कुणी काढला नाही. माझं मत विचाराल तर सांगावं, पण मुलाला विचारून आणि मोजकं. त्या चुलत आत्याबद्दल सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. काल रात्री बराच वेळ तेच आठवत होतो.

रेघोट्या

काका, +१. आणि शाळेला सांगताना निदान सांगायची गरज नसते. "औषधांमुळे सकाळी गुंगी असते, पहिल्या तासाला उशीर होईल" एवढं पुरतं.

अवांतर पण महत्त्वाचं: ज्यांची मुलं लिथियमवर आहेत त्यांनी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नका. त्याने रक्तातलं लिथियम वाढू शकतं. जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तरी तेच. घरात जो कुणी डोकं दुखलं की गोळी काढून देतो त्याच्यापर्यंत हे पोचवा.

निशिगंध

बाप रे, रेघोट्या, आमच्याकडे ती व्यक्ती म्हणजे सासूबाई. त्यांच्या बटव्यात नेमक्या त्याच गोळ्या निघाल्या. त्याने घेतलेल्या नाहीत अजून, पण डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. यादी करून बटव्यातच ठेवलीये.

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, पण काय काय ठरलं ते लिहिते. धाकटी_पाती, तुझा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो मध्येच उठून मुलीच्या खोलीत गेला आणि तिला गृहपाठावरून रागवून आला. ती आश्चर्याने बघतच राहिली म्हणे. रविवारची सकाळ त्या दोघांची. "मला पण होईल का" हे तिने खरंच विचारलं, मी विषय काढायची वाटच बघत होती बहुतेक.

औषधांचं काम नवऱ्याकडे. आत्तापर्यंत तो फक्त शिस्तीचं बोलायचा आणि गोळीसाठी मागे लागायचे मी. बिलं माझ्याकडे. मधली_वाट, हसू आलं, पण खरंच दोन बिलं थकली होती.

कागदाची कल्पना मुलाला सांगितली. आधी म्हणाला "हे कुठून आणलंस, नेटवरून?" मग दुसऱ्या दिवशी स्वतःच तीन ओळी लिहून दिल्या. त्यातली तिसरी अशी: "आजीने माझ्याबद्दल माझ्यासमोर फोनवर बोलणं." मी म्हटलं, अरे हे आजाराचं चिन्ह नाही. तर म्हणाला, नाही, पण यानेच होतं. आता सासूबाईंना कोण सांगणार यावर नवऱ्याचं आणि माझं भांडण चालू आहे.

कट्टेकरी

गाडीत ना?

निशिगंध

गाडीतच. काचा वर करून.

जुनंखोड

आजींना नातवानेच सांगू दे. तुमच्यापैकी कुणी सांगितलं तर त्यांना सुनेची तक्रार वाटेल.

उंबरठा

काकांशी असहमत. ते ओझं पोरावर नको, तिथे मुलानेच, म्हणजे निशिगंधच्या नवऱ्यानेच बोलायला हवं. आई त्याची आहे.

जुनंखोड

तुम्ही अगदी माझ्या बायकोसारखं बोलताय. बरं. नवऱ्याने सांगू दे.